एकशे पंच्याऐंशी ग्रॅम

मी वाट्या तोलते. मुलाला भरवायच्या आधी वाटी काट्यावर ठेवायची, भरवून झालं की पुन्हा ठेवायची, आणि दोन आकड्यांची वजाबाकी केली की मुलानं किती खाल्लं ते कळतं. ऐकायला सोपं वाटतं ना? बावीस वर्षं करून बघा म्हणजे कळेल. लाळेरं आधी तोलायचं, नंतर तोलायचं. टेबलावर सांडलेलं कागदानं टिपून तो कागद तोलायचा. थुंकलेलं तोलायचं, ओकलेलं तोलायचं, आणि हे सगळं करून दुपारी स्वतःचा डबा चवीनं खायचा. सगळे मला वजनबाई म्हणतात. माझं स्वतःचं वजन मात्र कुणी विचारलेलं मला खपत नाही.

त्या वर्षी आमच्या विभागात भुकेच्या हार्मोनचा अभ्यास चालला होता. काही मुलांना भूक लागतच नाही. लोकांना वाटतं पोर नखरे करतंय, सासूला वाटतं सुनेला भरवता येत नाही, शेजारणीला वाटतं लाड फार झालेत. पण पोटातून डोक्याकडे ‘आता खा’ असा जो सांगावा जातो, तो या मुलांच्या अंगात नीट तयारच होत नाही. तोच बाहेरून सुईवाटे द्यायचा, सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या अर्धा तास आधी. असे सहा आठवडे. अठरा मुलं होती आणि प्रत्येकाबरोबर एक पालक मुक्कामाला.

अभ्यास मोठ्या डॉक्टरबाईंचा. बाई हुशार, सरळ आणि नियमाला कडक. पांढरा कोट दिसला की मुलं तोंड मिटून घेतात, म्हणून भरवताना जवळ फक्त आई किंवा बाप असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पडदे लावलेले आठ छोटे कप्पे, प्रत्येकात एक बुटकं टेबल, दोन खुर्च्या. भरलेली वाटी मी खिडकीतून द्यायची, अर्ध्या तासानं परत घ्यायची. मधल्या अर्ध्या तासात आत काय होतं ते आम्ही बघायचं नाही. आमच्यासाठी वाटी बोलते, असं बाई म्हणायच्या.

या अठरा जणांत लवंगी होती. हे नाव मीच ठेवलेलं. चार वर्षांची पोरगी, वजन साडेदहा किलो, हातापायाच्या काड्या, पण नजर अशी तिखट की समोरच्यानं खाली बघावं. घरी झोपेत बाटलीनं पाजलेल्या दुधावर कशीबशी तगलेली, पण इथं भूक दिसावी म्हणून ती बाटली रात्री एकदाच. सातव्या महिन्यात जन्मली होती. पहिले तीन महिने काचेच्या पेटीत गेले, नाकातून घशात नळी. जीव वाचवायला जी औषधं दिली त्यांनीच कान घालवले. म्हणजे या पोरीच्या तोंडाशी जन्मापासून जे काही आलं ते त्रास घेऊनच आलं. तिनं तोंड उघडावं तरी कशाच्या भरवशावर?

तिच्या दोन्ही कानांमागे ऐकण्याची यंत्रं होती, निळी, वालाच्या दाण्याएवढी. वाटी दिसली की ती दोन्ही यंत्रं काढायची आणि मुठीत घट्ट धरून बसायची. मग बापानं गाणी म्हणावीत, गोष्टी सांगाव्यात, हातापाया पडावं, तिच्या लेखी सगळी शांतता. यंत्र माझ्या नवऱ्यालाही आहे आणि मी बोलायला लागले की तोही ते काढून ठेवतो. पण जेवायला हाक मारली की त्याला यंत्राशिवायही बरोबर ऐकू येतं.

लवंगीबरोबर तिचा बाप राहायचा. आई घरी, कारण धाकटं सहा महिन्यांचं, अंगावर पिणारं. ती रविवारी यायची. ते धाकटं असं चुरूचुरू प्यायचं की आवाज पार बाहेरच्या बाकापर्यंत यायचा, आणि लवंगीचा बाप त्या वेळी उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमची लिफ्ट मधेच अडकली, तर यानं माणूस यायच्या आधीच दार उघडून आतल्या दोघींना बाहेर काढलं.

“मावशी, लिफ्ट बरी,” तो मला म्हणाला. “कुठं बिघडलीय ते तरी सांगते. ही आमची काहीच सांगत नाही.”

याआधी दोन इस्पितळांतून त्यांना ‘सुधारणा नाही’ असं लिहून घरी पाठवलं होतं. ते दोन्ही कागद तो शर्टाच्या खिशात घडी करून ठेवायचा, का ते देव जाणे. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं होतं, “मावशी, इथून नाही ना परत पाठवणार?”

“छे हो,” मी म्हटलं. मला कोणी अधिकार दिला होता ‘छे हो’ म्हणायचा? पण माणूस असं विचारतो तेव्हा तोंडातून तेच निघतं.

पहिले सहा दिवस लवंगीच्या वाटीनं आमचे हात टेकवले. दोनशे ग्रॅम कुस्करलेला बटाटा, त्यात दूध आणि अंड्याचा बलक. त्यातलं बारा ग्रॅम जायचं, कधी नऊ. एकदा वीस गेलं, तर ते नंतर पुरतं ओकली. सहाव्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरबाई फेरीला आल्या आणि सगळ्या पालकांना म्हणाल्या, “दहाव्या दिवशी आम्ही आकडे बघणार आहोत. तोवर नेहमीसारखं भरवत राहा.” एवढंच बोलून त्या पुढे गेल्या. लवंगीच्या बापाचा चेहरा मी पाहिला. शाळेत परीक्षेची तारीख फळ्यावर लिहिल्यावर ढ पोराचा होतो, तसा झाला होता.

सातव्या दिवशी संध्याकाळी लवंगीची वाटी आली. मी काट्याकडे दोनदा बघितलं. वजाबाकी एकशे पंच्याऐंशी ग्रॅम. आदल्या दिवशी अकरा होती.

नर्स आनंदानं ओरडल्याच. एकीनं लवंगीला उचलून गोल फिरवलं. बाप जमिनीकडे बघून हसत होता. मीही हसले, मग आत येऊन दिव्याखाली वाटी धरली. मुलांचा चमचा बुटका, रबरी तोंडाचा. त्याचे वाटीत बारीक पट्टे उमटतात. या वाटीला कडेनं एक रुंद बोट फिरलेलं होतं, मोठ्या माणसाचं. लाळेरं कोरडं ठाक. टेबलावर थेंब नाही. आयुष्यात कधी धड न जेवलेली पोर एकशे पंच्याऐंशी ग्रॅम खाते आणि एक कण सांडत नाही? मी स्वतः याहून जास्त सांडते.

दुसऱ्या दिवशी मी नियम मोडला. पडद्याच्या फटीतून आत पाहिलं. लवंगी यंत्रं मुठीत धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाप तिच्या बुटक्या खुर्चीशेजारी उकिडवा बसून खात होता. भराभर, न चावता, डोळे मिटून. चव घेत असावा असं मुळीच वाटत नव्हतं. मधेच थांबला, पोरीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा खायला लागला.

त्याच पावली जाऊन बाईंना सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सांगितलं तर काय होईल, हेही कळतंय असं मला वाटलं. पोर खात नाही, औषध लागू पडत नाही, वर बापानं लबाडी केली. चला, उचला गाठोडं. तिसऱ्या इस्पितळाचा तिसरा कागद खिशात. म्हणून मी कानाडोळा केला. मनाची समजूतही लगेच काढली. मी खोटं कुठं लिहिलं? रिकाम्या वाटीचं वजन रिकाम्या वाटीचंच लिहिलं. वाटी कुणी रिकामी केली, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच. बावीस वर्षं अचूक आकडे लिहिणाऱ्या बाईला खोटं बोलायची वेळ आली की ती अशीच अचूक बोलते.

दिवसातून दोन वाट्या, दोन्ही रिकाम्या. दहावा दिवस आला आणि गेला. कुणालाही घरी पाठवलं नाही. लवंगीच्या बापाचा जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगायचं तर माझाही.

शेजारच्या कप्प्यात एक मुलगी होती, कायम लोकरीची टोपी घालून बसणारी. तिची वाटी सुरुवातीला लवंगीसारखीच भरलेली परत यायची. तिच्या आईनं बिचारीनं काही केलं नाही, नुसती रडायची. सोळाव्या दिवशी त्या टोपीवालीनं नव्वद ग्रॅम खाल्लं. मी वाटी उलटसुलट करून पाहिली. चमच्याचे पट्टे होते, लाळेरं बरबटलेलं होतं, टेबलाखाली बटाटाच बटाटा. चौथ्या आठवड्यात तर ती पोर माझ्या खिडकीवर थापा मारायला लागली. लवंगीचा बाप ते बघायचा आणि म्हणायचा, “नशीब बघा एकेकाचं.”

सोमवारी मुलांचं वजन व्हायचं. ते काम दुसऱ्या नर्सचं. लवंगी साडेदहावरून दहा तीनशेवर आली, मग दहावर. मोठ्या डॉक्टरबाई दोन तक्ते शेजारी ठेवून बघत बसायच्या. खाणं भरपूर, वजन खाली.

“खाते, पण अंगी लागत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आतड्यातच काहीतरी आहे.”

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त घ्यायचं, तर शीर सापडेना. चार जणींनी धरून पाचव्यांदा सुई लागली. दोन सकाळी उपाशी ठेवलं. उपाशीच असलेल्या पोरीला उपाशी ठेवलं, हे तिथं दोघांनाच माहीत होतं आणि दोघंही गप्प होतो. भूल देऊन तोंडातून दुर्बीण घातली. याच तोंडाला कुणी हात लावू नये म्हणून ती पोर चार वर्षं झगडत होती. शुद्धीवर आल्यावर तिनं दोन दिवस घोटभर पाण्यालाही तोंड उघडलं नाही.

अहवाल आला, सगळं ठणठणीत. बाई चक्रावल्या. “मग अन्न जातंय कुठं?” असं स्वतःशीच बोलल्या आणि वातावरण हलकं करावं म्हणून बापाला म्हणाल्या, “तुमची तब्येत मात्र इथं सुधारली हो.”

तो हसला. त्याच्या शर्टाचं पोटावरचं बटण ताणून बसलं होतं. आला तेव्हा तोच शर्ट त्याच्या अंगावर लोंबत होता. त्या सबंध विभागात महिनाभरात ज्याचं वजन सगळ्यात जास्त वाढलं होतं तो हा बाप होता, आणि रोज दोन वेळा तो ते गिळत होता. मला तिथं उभं राहवेना. मी काटा पुसायला म्हणून आत गेले आणि पुसत राहिले.

पाचव्या सोमवारी लवंगी नऊ किलो सहाशे भरली. काट्यावरून उतरताना तिचे पाय लटपटले आणि ती मटकन खाली बसली. रडली नाही. नुसती बसून राहिली, कोणी उचलेल म्हणून. मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता पोट उघडून आतड्याचा तुकडा घेतल्याशिवाय कळणार नाही.”

तेव्हा मी त्यांच्यामागे त्यांच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि सगळं सांगितलं.

बाईंनी मला ओरडायला हवं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी लवंगीचा तक्ता पुढ्यात ओढला आणि विचारलं, “कधीपासून?”

“सातव्या दिवसापासून.”

“आठ, नऊ, दहा,” त्या तक्त्यावर बोट ठेवत म्हणाल्या. “या तीन दिवसांचे आकडे बघून मी ठरवते, वजनबाई. ज्यांचं खाणं कमी, त्यांचा डोस वाढवायचा. हिचं खाणं उत्तम होतं. मी हिचा वाढवला नाही. अठरा, एकोणीस, वीस या दिवसांचे पुन्हा बघितले. तेही उत्तम.”

मला कळायला थोडा वेळ लागला. “म्हणजे ती शेजारची, टोपीवाली...”

“तिचा दहाव्या दिवशी वाढवला. एकूण सात जणांचा वाढवला. त्यातली पाच खायला लागली.”

मी खुर्ची धरून बसले. बसायला कोणी सांगितलं नव्हतं. “मग आता वाढवा,” मी म्हटलं. “आज संध्याकाळीच वाढवा.”

“विसाव्या दिवसानंतर वाढवता येत नाही. वाढवला की तीन आठवडे बारीक लक्ष ठेवावं लागतं, आणि आपल्याकडे तेवढे उरले नाहीत. औषध नवीन आहे. उगाच घातलेला नियम नाही तो.” तक्ता मिटून त्या म्हणाल्या, “तरी मी लिहिते वरती.”

त्यांनी लिहिलं. खरंच लिहिलं, दोन पानं, मी ती टाइप होताना पाहिली. चौथ्या दिवशी उत्तर आलं. परवानगी नाही. शिवाय नोंदी भरवशाच्या नसल्यामुळे या मुलीचा सहभाग रद्द समजावा.

बापाला बोलावलं तेव्हा मला मुद्दाम थांबवून घेतलं. त्यानं काहीच नाकारलं नाही. हात मांडीवर ठेवून ऐकत होता. डोसाचंही बाईंनी सांगितलं.

“अहो, एकदा मला विचारायचं होतंत,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता.

“विचारलं असतं तर सांगितलं असतंत?”

बाई खरं तेच बोलल्या. “नाही. पालकांना सांगायचं नाही, असंच ठरलेलं आहे. सांगितलं तर पालक आकडे बदलतील, अशी भीती असते.”

तो हसला. मी तसं हसणं पुन्हा ऐकलेलं नाही आणि ऐकायचंही नाही. “घरी जाऊ का मग?” त्यानं विचारलं.

घरी लगेच पाठवता येत नव्हतं. नऊ किलो चारशेवर आलेल्या पोरीला तसं सोडता येत नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या पोटाला भोक पाडून नळी बसवली. आता दूध, पातळ केलेलं अन्न, सगळं त्या नळीतून थेट पोटात. बाईंनी आईबापांना समजावून सांगितलं की नळी लागली म्हणजे तोंडानं कधीच खाणार नाही असं नाही. काही मुलं खातात. “किती?” आईनं विचारलं. बाईंनी आकडा सांगितला नाही, आणि आकडे सांगायला त्या एरवी कधी मागेपुढे बघत नसत.

नळीतून जाणारं अन्न तोलावं लागत नाही. पिचकारीवर रेघा असतात, तेवढ्या बघितल्या की झालं. म्हणजे लवंगीपुरतं माझं काम संपलं होतं. तरी घरी जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत गेले. ती झोपली होती. बाप पलंगाच्या कडेला बसून पिचकारी कोमट पाण्यानं भरायची, नळी धुऊन काढायची, असा सराव करत होता. हात लिफ्टवाल्याचे, कामाला सरावलेले. एका दुपारीत शिकला होता.

“बसा मावशी,” तो म्हणाला. मी बसले.

“डॉक्टरबाईंना तुम्ही सांगितलंत ना?”

“हो.”

“बरं केलंत.” मग हात न थांबवता त्यानं विचारलं, “तुम्हाला कधी कळलं होतं?”

खोटं बोलता आलं असतं. गेल्याच आठवड्यात कळलं म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्याला पडताळायला काही साधन नव्हतं. पण एवढं झाल्यावर मला ते जमेना.

“सातव्या दिवशी,” मी म्हटलं. “पहिल्याच वाटीला.”

त्याचा हात थांबला. तो मनात मोजत होता हे मला दिसत होतं. सात, आठ, नऊ, दहा.

“म्हणजे तेव्हाच बोलला असतात तर...”

“हो.”

“मग का नाही बोललात?”

“तुमची कीव आली हो,” मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते आणि मनाच्या तळाशी कुठंतरी मला असंही वाटत होतं की हे ऐकून त्याला थोडं बरं वाटेल.

त्यानं माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही, पोरगी शेजारी झोपली होती.

“माझी कशाला, मावशी?” तो म्हणाला. “उपाशी तर ती होती.”

मग त्यानं पिचकारी पुन्हा पाण्यात बुडवली आणि भरायला लागला.